पूर्वजांमध्ये निअँडरथलला धरायचं का?

कृष्णाकाठ | २२ सप्टेंबर २०२५, सकाळी ७:४०

काल सर्वपित्री झाली. वडील ८१ वर्षांचे आहेत, तर्पण अजून स्वतःच करतात. घाटाच्या पायऱ्या आता झेपत नाहीत, म्हणून मागच्या पडवीत पाट मांडतो. वडील, आजोबा, पणजोबा अशी नावं झाली, मग आजोळची झाली. शेवटी ज्यांना आई नाही, बाप नाही, भाऊबंद नाही, गोत्रातलं कुणी मागे उरलेलं नाही, त्या सगळ्यांना हे पाणी पोचो, असं म्हणून ओंजळ सोडतात. हे लहानपणापासून ऐकत आलोय. यंदा मात्र तिथेच मन अडकलं.

जूनमध्ये आम्ही दोघं मुलीकडे ड्युसेलडॉर्फला होतो. तिथून जवळच निअँडर नावाची दरी आहे. १८५६ साली चुनखडीच्या खाणीतले मजूर तिथल्या एका गुहेतली माती उपसून खाली टाकत होते. त्या मातीत हाडं निघाली. अस्वलाची असावीत असं वाटून बाजूला ठेवली. जवळच्या एल्बरफेल्ड गावातले योहान कार्ल फुलरोट नावाचे शाळामास्तर आले आणि त्यांनी ओळखलं की हा माणूस आहे, पण आपल्यासारखा नाही. त्या दरीवरूनच त्याला निअँडरथल म्हणतात. आज तिथे गुहा नाही. चुनखडीबरोबर आख्खा कडाच खणून नेला. नुसतं गवताचं मैदान उरलंय. मी तिथे अर्धा तास उभा होतो.

मुलीने हौस म्हणून लाळेची तपासणी करून घेतली होती. अहवालात निअँडरथलचा वाटा २ टक्क्यांच्या आत आला. काल तर्पणानंतर तिने आजोबांना व्हिडिओवर हे सांगितलं. वडील थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग तेही आपलेच. त्यांना आजवर कुणी पाणी दिलं नसेल."

तेव्हा जाणकारांना विचारतो. निअँडरथल नामशेष झाला असं सगळीकडे छापलेलं असतं. तो आपल्यात असेल तर नामशेष कसा? आणि पूर्वज म्हणायचं तर कुठल्या अर्थाने?


अबोली | २२ सप्टेंबर, ८:१५

वडिलांना माझा नमस्कार सांगा. धागा वाचनखुणेत साठवला.


अण्णा_कोकणे | २२ सप्टेंबर, ९:०२

वडिलांच्या भावनेचा आदर आहेच, पण हे टक्केवारीचं प्रकरण मला पटत नाही. चिंपांझीशी आपलं ९८ टक्क्यांहून जास्त जुळतं असं शाळेपासून ऐकतोय. मग निअँडरथल, जो साक्षात माणूस, त्याच्याशी दोनच टक्के? म्हणजे चिंपांझी जवळचा आणि तो लांबचा? दुसरं म्हणजे पूर्वज कोण, तर ज्याची आठवण घरात आहे तो. पणजोबांच्या पलीकडे आपल्याला नाव माहीत नसतं. तिथे चाळीस-पन्नास हजार वर्षांपूर्वीच्या माणसाशी नातं कसलं सांगायचं?


मुसाफिर७२ | २२ सप्टेंबर, ९:२०

अण्णांचा ९८ आणि २ चा प्रश्न माझाही आहे. कुणीतरी नीट समजावा.


जनुकवेडी | २२ सप्टेंबर, १३:४८

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, पण हा प्रश्न सोडवत नाही. मी हैदराबादला प्रयोगशाळेत काम करते आणि जुन्या डीएनएचा विषय जवळून पाहिला आहे.

अण्णा, दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. आजीची गोधडी डोळ्यांपुढे आणा. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली. त्यातला प्रत्येक तुकडा सुती आहे, एकाच पद्धतीच्या मागावर विणलेला आहे, सूत मोजलं तर एक लुगडं दुसऱ्यासारखंच भरेल. हे झालं साम्य. या हिशोबाने आपण आणि चिंपांझी जवळजवळ ९९ टक्के सारखे, आणि आपण आणि निअँडरथल ९९.७ टक्के सारखे. म्हणजे तो खूपच जवळचा.

आता वेगळा प्रश्न विचारा. या गोधडीत आत्याच्या लुगड्याचे तुकडे किती? शंभरातले दोन. बाकीचे आजीच्या, काकूच्या, आईच्या लुगड्यांचे. हा झाला वारसा. आफ्रिकेबाहेरच्या सगळ्या माणसांच्या जनुकसंचात, म्हणजे शरीरातल्या सगळ्या डीएनएत, साधारण १ ते २ टक्के तुकडे निअँडरथलच्या लुगड्यातून आलेले आहेत. चिंपांझीच्या लुगड्यातला एकही नाही, कारण आपली आणि त्यांची वाट साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीच वेगळी झाली.

आणि माझ्यातले तुकडे आणि तुमच्यातले तुकडे एकच नसतात. माझ्याकडे काठ आला असेल, तुमच्याकडे पदराचा कोपरा. याच वर्षी भारतातल्या २,७६२ माणसांच्या संपूर्ण जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या सगळ्यांमधले तुकडे शेजारी शेजारी मांडले तर निअँडरथलचा जवळपास अर्धा जनुकसंच जुळवता येतो. कुण्या एकाकडे दोनच टक्के, पण सगळ्यांकडे मिळून निम्मं लुगडं. त्यामुळे 'नामशेष' हा शब्द मला स्वतःला अपुरा वाटतो. त्यांची वेगळी वस्ती संपली, वेगळं घराणं संपलं. वारसा संपला नाही.


अबोली | २२ सप्टेंबर, १४:०५

गोधडी! आता हे कधीच विसरणार नाही.


अण्णा_कोकणे | २२ सप्टेंबर, १४:३०

जनुकवेडीताई, गणित समजलं, धन्यवाद. ९८ चा आक्षेप मागे घेतो. आठवणीचा मुद्दा मात्र सोडत नाही.

आणि एक शंका. हे शास्त्रज्ञ दर दहा वर्षांनी मत बदलतात. याच हाडांबद्दल एका जर्मन प्राध्यापकाने म्हटलं होतं की हा १८१४ मध्ये नेपोलियनच्या मागावर आलेला कोणी कोझाक घोडेस्वार, मुडदूस झालेला, गुहेत येऊन मेला. आज हसतो आपण. उद्या या दोन टक्क्यांचंही तसंच होणार नाही कशावरून?


जनुकवेडी | २२ सप्टेंबर, २२:१०

मत बदललं, ते कसं बदललं हे ऐकण्यासारखं आहे. १९९७ साली स्वांटे पेबो यांच्या गटाने कृष्णाकाठ यांनी पाहिलेल्या त्याच दरीतल्या त्याच सांगाड्याच्या दंडाच्या हाडातून थोडासा डीएनए काढला. तो होता मायटोकाँड्रियाचा, म्हणजे फक्त आईकडून येणारा. आजच्या कुठल्याच माणसाशी तो जुळेना. तेव्हा बहुतेकांनी म्हटलं की निअँडरथलचा आपल्याशी संबंध नाही, विषय मिटला. २०१० मध्ये त्याच पेबोंच्या गटाने क्रोएशियातल्या विंदिया गुहेतल्या हाडांवरून पूर्ण जनुकसंचाचा आराखडा मांडला, आणि युरोप-आशियातल्या माणसांत त्याचे तुकडे दिसले. स्वतःच्या कामातून निघालेला समज त्यांनी स्वतःच खोडून काढला. २०२२ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. अण्णा, मत बदललं म्हणून अविश्वास वाटायला हवा असं मला वाटत नाही. पुरावा आला की बदलणारं मतच मला भरवशाचं वाटतं.


सिंधुसागर | २३ सप्टेंबर, ६:५५

मग आर्य बाहेरून आले की नाही, हेही यातून कळेल ना? हरियाणात राखीगढीला सिंधू संस्कृतीतले सांगाडे मिळाले, त्यांचं काय झालं?


खडकमाती | २३ सप्टेंबर, ७:३०

सिंधुसागर, तो काळ फार अलीकडचा. इथे आपण चाळीस-पन्नास हजार वर्षांबद्दल बोलतोय आणि राखीगढी साडेचार हजारांच्या आसपासची. २०१९ मध्ये डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी तिथल्या एका स्त्रीचा डीएनए प्रसिद्ध केला. तिच्यात गवताळ स्टेप प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नव्हता. त्याच वेळी आलेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात तो अंश आजच्या अनेक भारतीयांमध्ये दिसतो आणि तो नंतरच्या काळात मिसळला असं निघतं. यावर स्वतंत्र धागा काढा, मी येईन. इथे नको.

राखीगढीतली एक गोष्ट मात्र या धाग्याच्या कामाची आहे. साठाहून अधिक नमुने तपासले तेव्हा एकातून वापरण्याजोगा डीएनए मिळाला. साडेचार हजार वर्षांत आपल्या उन्हाने ही गत केली, तर पन्नास हजार वर्षांचं काय बोलावं!


रातपाळी | २३ सप्टेंबर, १५:२०

मी परिचारिका आहे. २०२० आणि २०२१ मध्ये कोविड वॉर्डात होते. कोणत्या रुग्णालयात ते सांगत नाही.

एक गोष्ट मनातून जात नाही. एकाच घरातले दोन भाऊ, वयात दोन वर्षांचं अंतर, दोघांनाही मधुमेह नाही, रक्तदाब नाही. एक पाचव्या दिवशी चालत घरी गेला आणि दुसरा व्हेंटिलेटरवर गेला. त्यांची आई मला रोज एकच विचारायची, असं का. माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर कुठेतरी वाचलं की कोविड गंभीर होण्याचं एक जनुकीय कारण निअँडरथलकडून आलेलं आहे. तेव्हापासून हे नाव ऐकलं की पोटात खड्डा पडतो. हे खरं आहे का?


जनुकवेडी | २३ सप्टेंबर, २१:३५

रातपाळीताई, तुम्ही त्या काळात जे केलंत त्याला हात जोडते.

वाचलेलं खरं आहे, पण अर्धं. २०२० मध्ये हुगो झेबर्ग आणि पेबो यांनी दाखवलं की तिसऱ्या गुणसूत्रावरचा डीएनएच्या सुमारे ५० हजार अक्षरांचा एक तुकडा ज्यांच्याकडे आहे त्यांना कोविड गंभीर होण्याचा धोका वाढतो, आणि तो तुकडा विंदियाच्या निअँडरथलशी जुळतो. दक्षिण आशियात तो जवळपास निम्म्या लोकांकडे आहे, युरोपात साधारण १६ टक्क्यांकडे. म्हणून आपल्याकडे त्याचा बराच गाजावाजा झाला.

पुढचं तितकं पोचलं नाही. २०२१ मध्ये हैदराबाद आणि वाराणसीच्या संशोधकांनी भारतीय उपखंडातली आकडेवारी तपासली तेव्हा या तुकड्याचा इथल्या रुग्णांच्या गांभीर्याशी संबंध दिसला नाही. त्याच वर्षी असंही पुढे आलं की बाराव्या गुणसूत्रावरचा निअँडरथलकडूनच आलेला दुसरा एक तुकडा गंभीर कोविडपासून थोडं संरक्षण देतो. वय, आधीचे आजार, विषाणूचा किती मारा झाला, उपचार कधी मिळाले, यांचं वजन कुठल्याही एका तुकड्यापेक्षा मोठं. त्या आईच्या प्रश्नाला या संशोधनातूनही एका वाक्याचं उत्तर निघत नाही. दोष मात्र त्या जुन्या माणसांना देऊ नका. हजारो वर्षं तो तुकडा टिकून राहिला, म्हणजे कधीतरी कुठल्यातरी रोगात त्याने आपल्या माणसांना वाचवलंही असेल.


रातपाळी | २३ सप्टेंबर, २१:५०

डोळे भरून आले. आभार.


भटकी_वाट | २४ सप्टेंबर, ६:१०

संरक्षण देणाऱ्या तुकड्यांवरून आठवलं. २०१८ मध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळापर्यंत गेले होते. ५,३६४ मीटर. शेवटचे दोन दिवस मी दर वीस पावलांना थांबत होते, डोकं ठणकत होतं. आमच्यासोबतच्या शेर्पा ताई पाठीवर ओझं घेऊन गाणं म्हणत पुढे. मला वाटलं सवय. परत आल्यावर वाचलं की सवयीशिवाय आणखी काही आहे. तिबेटी आणि शेर्पा लोकांमध्ये ईपीएएस१ नावाच्या जनुकाचं एक खास रूप आहे. आपण उंचावर गेलो की शरीर तांबड्या पेशी वाढवत सुटतं आणि रक्त दाट होतं. त्यांचं तसं होत नाही. आणि हे रूप आलंय डेनिसोवन माणसांकडून! जाणकारांनी डेनिसोवनांबद्दल लिहावं ही विनंती.


मुसाफिर७२ | २४ सप्टेंबर, १०:४५

डेनिसोवन म्हणजे माझा आवडता विषय, मी लिहितो. चुकलं तर ताई दुरुस्त करतील.

सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात डेनिसोवा गुहा आहे. २००८ मध्ये तिथे एका मुलीच्या करंगळीच्या हाडाचा बारीक तुकडा मिळाला. २०१० मध्ये त्यातला डीएनए वाचला तर तो ना आपला, ना निअँडरथलचा. म्हणजे कवटी नाही, जबडा नाही, चेहरा माहीत नाही, आणि माणसाची एक आख्खी शाखा करंगळीतून सापडली. असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. पुढे पापुआ न्यू गिनीच्या लोकांमध्ये आणि फिलिपिन्समधल्या आयता लोकांमध्ये त्यांचा अंश सर्वात जास्त निघाला.

तिबेटच्या पठाराच्या कडेला बायशिया नावाची गुहा आहे. तिथे १९८० मध्ये एका बौद्ध भिक्षूला अर्धा जबडा सापडला. तो किमान १ लाख ६० हजार वर्षांपूर्वीचा, आणि त्यातल्या प्रथिनांवरून तो डेनिसोवनाचा असं २०१९ मध्ये कळलं.

पण मला सगळ्यात भिडते ती हार्बिनची कवटी. १९३३ साल, ईशान्य चीन जपान्यांच्या ताब्यात, नदीवर पुलाचं काम चालू. एका मजुराला कवटी सापडली. ती जपान्यांच्या हाती लागू नये म्हणून त्याने एका पडक्या विहिरीत लपवली, आणि पुढे जन्मभर कुणाला सांगितलं नाही. मरायच्या आधी घरच्यांना सांगितलं. २०१८ मध्ये ती अभ्यासकांकडे आली. याच वर्षी जूनमध्ये प्रसिद्ध झालं की तिच्या दातावर साचलेल्या किटणातून डीएनए मिळाला आणि ती डेनिसोवनाची आहे. करंगळी वाचल्यानंतर १५ वर्षांनी चेहरा मिळाला. भुवईचा हाड जाडजूड, चेहरा रुंद, मेंदू आपल्याएवढा मोठा.


जनुकवेडी | २४ सप्टेंबर, १३:३०

दुरुस्ती नाही, भर घालते. त्याच डेनिसोवा गुहेत इंचभर लांबीचा एक हाडाचा तुकडा मिळाला. कोणत्या प्राण्याचा हेही कळत नव्हतं, अशा हजारो तुकड्यांतला एक. २०१८ मध्ये त्याचा डीएनए वाचला. १३ वर्षांच्या पुढची मुलगी, सुमारे ९० हजार वर्षांपूर्वीची. आई निअँडरथल, वडील डेनिसोवन. पहिल्या पिढीतलं मिश्र मूल थेट हाती लागणं ही इतकी दुर्मीळ गोष्ट आहे की निकाल चुकला असं समजून संशोधकांनी चाचण्या पुन्हा पुन्हा केल्या.

आणि अण्णांच्या आठवणीच्या मुद्द्यासाठी एक. रुमानियातल्या 'ओआसे' गुहेत २००२ मध्ये एक जबडा सापडला, सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीचा. माणूस आपल्यासारखाच. पण त्याच्यात निअँडरथलचे तुकडे एवढे लांबलचक होते की मिश्रण फक्त चार ते सहा पिढ्या आधी झालेलं. म्हणजे त्याच्या खापरपणजोबांपैकी किंवा खापरपणज्यांपैकी कुणी निअँडरथल असू शकतं. त्याच्या घरात त्या माणसाच्या गोष्टी सांगत असतील, कदाचित नावही घेत असतील.


अण्णा_कोकणे | २४ सप्टेंबर, १४:१५

हे वाचून खरोखर गप्प झालो. खापरपणजोबा. आमच्या घरात खापरपणजोबांची एक गोष्ट अजून सांगतात, गलबत बुडालं आणि ते पोहत हर्णैला आले, ती. म्हणजे त्या ओआसेच्या माणसाला निअँडरथल हा 'नामशेष' नव्हता, घरातला म्हातारा होता.


प्रवराकाठी | २५ सप्टेंबर, १७:०५

सगळं सायबेरिया, रुमानिया, चीन. आपल्याकडे काय? मी नेवाशाजवळ शाळेत शिकवते. शाळेपासून काही अंतरावर प्रवरेच्या काठी चिरकी म्हणून जागा आहे. गुडरुन कोर्विनस या जर्मन बाईंनी १९६० च्या दशकात तिथे उत्खनन केलं होतं. शेकडो दगडी हातकुऱ्हाडी. त्याच्याही आधी पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी नेवासं गाजवलं. मी मुलांना दरवर्षी नदीकाठी नेते. मुलं विचारतात, "बाई, ही हत्यारं करणाऱ्यांची हाडं कुठायत?" युरोपात गुहेगुहेत हाडं आणि आपल्याकडे नुसते दगड, असं का?


खडकमाती | २५ सप्टेंबर, २०:४०

प्रवराकाठी ताई, तुमच्या मुलांचा प्रश्न हाच खरा प्रश्न. आयुष्यभर भूशास्त्रात काम केलं, निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी हा सल आहे.

पहिलं कारण आपला खडक. हाडं टिकतात ती चुनखडीच्या गुहांत, कारण चुना हाडाला विरघळू देत नाही. आपला दख्खन बेसॉल्टचा. बेसॉल्टमध्ये तशा खोल नैसर्गिक गुहा होत नाहीत. सह्याद्रीत ज्यांना आपण गुहा म्हणतो त्यांतल्या बहुतेक लेणी, माणसाने कोरलेल्या. कोकणात जांभा, त्याची माती आम्ल, हाड खाऊन टाकते. दुसरं कारण पाऊस आणि ऊन. तिसरं माणसांचं: शोधणारे हात कमी.

भारतभरात या प्राचीन काळातली माणसाची कवटी म्हणावी अशी एकच. ५ डिसेंबर १९८२ रोजी अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हथनोऱ्याला मिळाली. तीही वरची टोपीच, चेहरा नाही, दात नाहीत. सोनकियांनी तिला होमो इरेक्टस या आपल्याहून फार जुन्या मानवजातीत घातलं, पुढे इतरांनी ती आपल्या जवळच्या पुरातन माणसाची ठरवली. डीएनए मिळालेला नाही.


मुसाफिर७२ | २५ सप्टेंबर, २१:००

काका, हथनोऱ्याला मी गेलोय! ती कवटी डेनिसोवनाची असू शकेल का? हार्बिन पाहिल्यापासून हेच डोक्यात आहे.


खडकमाती | २५ सप्टेंबर, २१:२५

असू शकेल म्हणायला काही लागत नाही, सिद्ध करायला प्रथिनं तरी लागतील. पण तुमच्या मनात आलेलं अनेक अभ्यासकांच्या मनात आहे. पापुआपर्यंत डेनिसोवनांचा अंश पोचतो, तर ती माणसं केवळ सायबेरियात नव्हती हे उघड आहे.

आता महाराष्ट्राचं सांगतो. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवर बोरी बुद्रुक आहे. नदीच्या काठाच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका पट्टा दिसतो. दख्खनचे ज्वालामुखी तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावले, मग ही राख कुठली? एक मत असं की ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची. दुसऱ्या मतानुसार ती कित्येक लाख वर्षं जुनी, कारण तिच्यासोबत अश्यूलियन, म्हणजे हातकुऱ्हाडींसारखी फार जुन्या घडणीची, दगडी हत्यारं आहेत. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी यावर पुष्कळ काम केलं, वादही पुष्कळ झाला. आंध्रात पूर्वीच्या कर्नूल, आताच्या नंद्याल जिल्ह्यात ज्वालापुरमला तीच टोबाची राख भरपूर जाड थरात आहे. तिथे रवी कोरीशेट्टर आणि मायकेल पेट्राग्लिया यांना राखेच्या खाली आणि वर, दोन्हीकडे साधारण सारखी हत्यारं मिळाली. म्हणजे आकाश काळवंडलं, राख पडली, आणि ती माणसं तरीही राहिली. ती कोण होती? आपण? की आपल्या आधीचं कुणी? हाडच नाही.


सिंधुसागर | २६ सप्टेंबर, ७:१०

म्हणजे भारतीयांतला निअँडरथलचा अंश इथेच मिसळला असेल ना? इथेही राहत असतील ते.


जनुकवेडी | २६ सप्टेंबर, ९:००

नाही, तसा अर्थ निघत नाही. आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांत हा वारसा मुख्यतः एकाच कालखंडातला आहे. २०२४ मधल्या अभ्यासांनी तो साधारण ५० हजार ते ४३ हजार वर्षांपूर्वीचा ठरवला. आपले पूर्वज आफ्रिकेतून बाहेर पडून पश्चिम आशियाच्या आसपास असतानाच हे घडलं, असा त्याचा अर्थ घेतात. तिथून पुढे जगभर पांगताना सगळ्यांनी शिदोरी सोबत नेली.

खडकमाती काका, एक आशेची गोष्ट. २०१७ पासून गुहेतल्या नुसत्या मातीतून माणसाचा डीएनए काढता येतो, हाड नसलं तरी. बायशियाच्या मातीतून डेनिसोवनांचा तसा मिळाला आहे. आपल्याकडे उष्णतेमुळे अवघड आहे, पण कर्नूल, मेघालय, छत्तीसगढ इथे चुनखडीच्या गुहा आहेत. प्रवराकाठी ताईंच्या वर्गातलं कुणीतरी हे काम करो.


त्र्यंबकवासी | २७ सप्टेंबर, ११:३०

आमच्या घरी पिढीजात श्राद्धकर्म चालतं, यजमान दूरदूरहून येतात. धागा सुरुवातीपासून वाचतेय. मूळ प्रश्नाकडे कुणी आलं नाही म्हणून लिहिते. तर्पणात वडिलांची बाजू येते, तशी आई, आजी, पणजी येते, आईचे वडील, आजोबा येतात. त्यानंतर गुरू, स्नेही, आणि अगदी शेवटी ज्यांचं कुणी नाही ते. विधीत नातं नाव आणि गोत्राने सांगतात. तर जनुकवेडीताई, गोत्राच्या, म्हणजे बापाकडून बापाकडे जाणाऱ्या वाटेने हा निअँडरथल येतो का?


जनुकवेडी | २७ सप्टेंबर, २२:५५

त्र्यंबकवासी, तुमच्या प्रश्नाने दिवसभर मला कामात लक्ष लागू दिलं नाही.

बापाकडून मुलाकडे जसंच्या तसं जातं ते वाय गुणसूत्र. आज जिवंत असलेल्या कुठल्याही पुरुषात निअँडरथलचं वाय सापडलेलं नाही. म्हणजे गोत्राच्या वाटेने, नाही. आईकडून लेकीकडे जाणारा मायटोकाँड्रियाचा धागा, त्यातही कुणात निअँडरथल नाही. म्हणजे आई, तिची आई, तिची आई अशा सरळ वाटेनेही नाही. तो येतो मधल्या वाकड्या वाटांनी. वडिलांची आई, तिचे वडील, त्यांची आजी, अशा शेकडो वळणांनी. मिश्रणाला आता दीड हजारांहून जास्त पिढ्या झाल्या. नाव घेतो तीन पिढ्यांचं. वळणांमधली सगळी माणसं विधीत शेवटच्या ओंजळीतच येतात.

आणि उलट बाजूही आहे. २०२० मध्ये निअँडरथल पुरुषांची वाय गुणसूत्रं वाचली, तर ती त्यांच्या बाकीच्या जनुकसंचाच्या मानाने आपल्या वायशी फार जवळची निघाली. कारण कित्येक हजार वर्षं आधी, निदान एक लाख वर्षांपूर्वी, आपल्याकडचे कुणी आफ्रिकेतून बाहेर पडून त्यांच्यात मिसळले होते आणि त्यांचं मूळचं वाय हळूहळू गेलं. म्हणजे बापाकडच्या वाटेने पाहिलं तर नंतरचे निअँडरथल आपल्याच भावकीतले.


अण्णा_कोकणे | २८ सप्टेंबर, ८:००

भावकीतले म्हटल्यावर माझा आठवणीचा मुद्दा मी सोडला. नाव माहीत नसलं तरी भावकी ती भावकी.


कृष्णाकाठ | २८ सप्टेंबर, १९:२०

आज दुपारी वडिलांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. गोधडी त्यांना लगेच कळली, आईने शिवलेली अजून कपाटात आहे, ती काढायला लावली. ओआसेच्या खापरपणजोबांपाशी त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला सांगितलं. त्र्यंबकवासी आणि जनुकवेडीताईंचं ऐकून म्हणाले, "म्हणजे मी दरवर्षी देतच होतो. मला ठाऊक नव्हतं एवढंच."

आता त्यांना ती राख पाहायची आहे. दिवाळीनंतर बोरीला न्यायचं ठरवलंय. खडकमाती काका, ८१ वर्षांच्या माणसाला जमेल का?


खडकमाती | २८ सप्टेंबर, २०:०५

जमेल. पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगावला या. तिथून बोरी बुद्रुक फार लांब नाही. नदीला पाणी ओसरल्यावरच जा, नोव्हेंबर अखेर बरी. काठ निसरडा असतो, काठी आणा, आणि उतरताना दोघांनी धरा. थर वरूनही दिसतो, अगदी खाली उतरायलाच हवं असं नाही. बोटाने हलकं चोळून पाहा, पिठासारखी लागते. पण घरी आणू नका, एक चिमूटभरही. ती जागा तशीच राहायला हवी. दिवस कळवा, मी पुण्याहून येतो.


प्रवराकाठी | २८ सप्टेंबर, २०:३०

मीही येते. आठ-दहा मुलं घेऊन आले तर चालेल ना?


कृष्णाकाठ | २८ सप्टेंबर, २०:४२

चालेल काय, वडील वाट बघतील. डबे आमच्याकडून.